ठेव, पूर आणि प्रतिमा

दुसऱ्याने विश्वासाने हाती दिलेली वस्तू आपल्याकडून नाहीशी झाली, तर ती भरून देण्याचे बंधन आपल्यावर राहते काय? प्रश्न जुना आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्यवहाराची जी अठरा पदे मोजली आहेत, त्यांत ऋणादानाच्या खालोखाल दुसरे स्थान निक्षेपाला, म्हणजे ठेवीला, दिलेले आहे. आणि त्याच प्रकरणात या प्रश्नाचे उत्तरही सांगून ठेवले आहे. ठेव चोरांनी नेली, पाण्याने वाहून गेली किंवा अग्नीने जळाली, आणि राखणाऱ्याने तीतले काहीही स्वतःकडे काढून घेतलेले नसले, तर ती परत देण्याचे त्यास कारण नाही. याज्ञवल्क्यानेही राजा, दैव आणि तस्कर ही तीन निमित्ते सांगून राखणाऱ्यास मोकळे केले आहे. नियम माणुसकीचा आहे. ज्याचे स्वतःचे घर जळाले, त्याच्या दारात उभे राहून त्या राखेत आपली पेटी मागणे हे कोणत्याही काळी क्रूरपणाचेच वाटावयाचे.

हा नियम मी अनेक वर्षे निःशंक मनाने मानीत आलो होतो. २०१९ च्या ऑगस्टात तो पहिल्यांदा मला बोचू लागला, आणि त्यामागे दोष माझाच होता. तो येथे सांगितल्यावाचून पुढच्या विवेचनास अर्थ राहणार नाही, म्हणून सांगतो.

वेदगंगेच्या काठच्या एका गावातील लहानशा पतसंस्थेच्या संचालक मंडळावर मी त्या वेळी होतो. सभासद बहुतेक शेतकरी, विडी कामगार बायका, तंबाखूच्या वखारीत राबणारी माणसे. कचेरी तळमजल्यावर. तेथे एक सर्व्हर म्हणजे हिशेबाचा मुख्य संगणक होता आणि त्याशेजारच्या लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात एक हार्ड डिस्क होती. कारकून दर शनिवारी त्या डिस्कवर हिशेबाच्या फाइलींची नक्कल उतरवीत असे, आणि आमचा सर्वांचा समज असा की आपण फार सावधपणे वागत आहो. मे महिन्याच्या सभेपुढे बेळगावच्या संगणक-कारागिराचा एक प्रस्ताव आला. संपूर्ण यंत्राची रोजच्या रोज प्रतिमा घ्यावी, तिची एक प्रत गावाबाहेर ठेवावी, आणि त्यासाठी एक सॉफ्टवेअर व दोन डिस्का घ्याव्यात, असे त्याचे म्हणणे होते. खर्च संस्थेच्या वार्षिक स्नेहभोजनाइतका. ‘पुढील सभेत विचार व्हावा’ अशी सूचना मी मांडली आणि ती एकमताने संमत झाली. पुढील सभा ऑगस्टात होती.

त्या ऑगस्टात काय झाले ते या भागातील वाचकांना सांगावयास नको. निपाणीजवळ यमगर्णीपाशी वेदगंगेचे पाणी राष्ट्रीय महामार्गावर आले आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक अडकून पडली. आमच्या कचेरीत पाणी खुर्चीच्या पाठीवर चढले. सर्व्हर बुडाला. शेजारच्या कपाटातील ती डिस्कही बुडाली. कर्जरोख्यांचे कागद भिजून त्यांचा लगदा झाला. पाणी ओसरल्यावर चिखलात उभे राहून आमचे अध्यक्ष म्हणाले, ‘‘देवाची करणी, अण्णा. इथं माणसाचा काय इलाज?’’ मनूचा नियमच ते आपल्या शब्दांत बोलत होते. त्यांना उत्तर द्यावयास माझी जीभ वळली नाही, कारण मेच्या सभेचे इतिवृत्त माझ्याच हस्ताक्षरातील होते.

आता ही प्रतिमा म्हणजे काय, ते थोडे समजून घेतले पाहिजे. संगणकाच्या डिस्कवर केवळ आपल्या फाइली असतात असे आपण समजतो. वस्तुतः त्या डिस्कच्या आरंभी यंत्राला जागे कसे व्हावयाचे हे सांगणारा एक भाग असतो, मग डिस्कची वाटणी कोठून कोठवर आहे याचा तक्ता असतो, त्यानंतर यंत्र चालविणारी मूळ व्यवस्था, त्यावर हिशेबाचे सॉफ्टवेअर, कोणाला काय पाहण्याचा अधिकार आहे याच्या नोंदी, आणि सर्वांच्या शेवटी आपली खाती. केवळ फाइलींची नक्कल घेतली आणि यंत्र गेले, तर नवे यंत्र आणून, त्यावर एकेक गोष्ट पुन्हा बसवून, मग त्या फाइली त्यात घालाव्या लागतात. ते सॉफ्टवेअर जुने असेल आणि देणारा धंदा सोडून गेला असेल, तर त्या फाइली हाती असूनही मुक्या. प्रतिमा घेणारे सॉफ्टवेअर डिस्कला आडवे-उभे समजून घेत बसत नाही. ते तिचा कण न कण, जसा आहे तसा, एकाच मोठ्या फाइलीत उचलते. ती प्रतिमा कोऱ्या डिस्कवर उतरवली की यंत्र जणू कालच्या संध्याकाळी झोपले होते तसे उठून बसते. पहिली प्रतिमा पूर्ण घ्यावयाची, आणि पुढे रोज फक्त बदललेला भाग टिपावयाचा, म्हणजे वेळ व जागा दोन्ही वाचतात. क्लोनझिलासारखे सॉफ्टवेअर तर या कामासाठी फुकट मिळते, हे मला पुढे कळले. तेव्हा खर्चाची सबबही पुरती खरी नव्हती.

या पत्राच्या वाचकांस हा फरक एका जवळच्या उदाहरणाने अधिक उलगडेल. १५६० मध्ये पोर्तुगीज अंमलातील कुशस्थळीहून श्रीमंगेशाचे लिंग पलीकडे अंत्रुज महालात प्रियोळ येथे नेण्यात आले. त्याच संकटकाळात केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. रात्रीच्या रात्री नदी ओलांडून मूर्ती नेणाऱ्यांनी केवळ पाषाण नेला असता, तर आज तो एखाद्या संग्रहालयात असता. पण त्यांनी पूजेचा क्रम नेला, उत्सवांची पंचांगे नेली, महाजनांचे मान आणि कुळावींची नाती नेली, कोणी कोणत्या दिवशी पालखीला खांदा द्यावयाचा तेही नेले. म्हणूनच देव नव्या जागी ‘जागा’ झाला. फाइली वेगळ्या आणि प्रतिमा वेगळी ती याच अर्थाने. अर्थात हा दृष्टांत फार ताणू नये. देवस्थानांचे स्थलांतर झाले तेव्हा मूळ वस्तूच हलविली गेली. डिस्कच्या प्रतिमेत मूळ तेथेच राहते आणि दुसरी प्रत तयार होते. मूळ कोणते व प्रत कोणती हा प्रश्न पाषाणाच्या बाबतीत उठतो. अंकांच्या बाबतीत तो उठतच नाही. दोन्ही सारख्याच खऱ्या, आणि दोन्ही सारख्याच खोट्या असू शकतात.

खोट्या असू शकतात, हे महत्त्वाचे. नक्कल करणारा झोपेत असला की चूकही तितक्याच निष्ठेने पुढे जाते. ज्ञानेश्वरी लिहिली गेल्यावर तीनशे वर्षांत हस्तलिखितांच्या नकलांमधून इतके पाठभेद शिरले की शके १५०६ मध्ये एकनाथमहाराजांना तिची प्रत शुद्ध करावी लागली. पोथ्या कमी होत्या म्हणून हे घडले नाही. पोथ्या पुष्कळ होत्या, ताडून पाहणारे डोळे कमी होते. वेदपाठकांनी हा धोका फार आधी ओळखला होता. संहिता मुखोद्गत करून ते थांबले नाहीत. पद, क्रम, जटा, घन अशा पाठांत तीच पदे सुलट-उलट गुंफून म्हणण्याची त्यांनी सक्ती करून घेतली, जेणेकरून एका ठिकाणी स्वर चुकला तर दुसऱ्या ठिकाणी तो अडखळावा. आजचे प्रतिमा-सॉफ्टवेअर प्रत्येक प्रतिमेचा गणिताने एक छोटा ठसा काढून ठेवते आणि परत वाचताना तो जुळतो की नाही ते पाहते. एक कण जरी बदलला तरी ठसा निराळा येतो. कल्पना तीच आहे. मात्र घनपाठी स्वतः म्हणून दाखवीत असे, आणि आम्ही ठसा जुळतो की नाही हे पाहण्याची तसदीदेखील घेत नाही.

जगातील थोरामोठ्यांचीही हीच गत आहे, हे वाचून मला थोडे हलके वाटले. तसे वाटावयास नको होते. गिटलॅब नावाची, जगभरच्या संगणकतज्ज्ञांचे काम सांभाळणारी कंपनी आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिच्या एका थकलेल्या अभियंत्याने, दुसरा सर्व्हर समजून, मुख्य सर्व्हरवरील माहिती पुसून टाकली. बॅकअपच्या अनेक व्यवस्था कागदावर होत्या. पाहू गेले तो एकही वेळेवर उपयोगी पडेना. नेमाने पाठविल्या जाणाऱ्या प्रती कित्येक दिवस कोऱ्याच जात होत्या आणि तसे कळविणारी पत्रेही पोहोचत नव्हती. वाचविले ते कोणीतरी सहा तासांपूर्वी सहज घेऊन ठेवलेल्या एका प्रतीने. त्या कंपनीची एक गोष्ट मात्र वाखाणण्याजोगी, की तिने सारी चूक उघड्यावर मांडली आणि त्या अभियंत्याचे नाव चव्हाट्यावर आणले नाही.

परत आमच्या कचेरीकडे येतो. आमचेही असेच दैवयोगाने निभावले. बेळगावच्या त्या कारागिराने मार्चअखेरीस, वर्षाचे हिशेब मिटल्यावर, नवी डिस्क बसविताना आमच्या यंत्राची एक प्रतिमा घेऊन स्वतःच्या घरी ठेवली होती. कोणी त्याला सांगितले नव्हते; त्याची ती सवय. ती प्रतिमा नव्या यंत्रावर उतरविली आणि दोन तासांत आमची पतसंस्था उठून बसली. पण ती उठली ती ३१ मार्चच्या संध्याकाळी! तिच्या लेखी एप्रिल, मे, जून, जुलै उजाडलेच नव्हते.

येथे मला प्रतिमेचा जो स्वभाव कळला, तो कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेला नाही. प्रतिमा खोटे बोलत नाही, पण तिला पुढचे काही ठाऊक नसते. एप्रिलनंतर ज्याने कर्ज फेडले, तो तिच्या दृष्टीने पुन्हा कर्जदार. ज्याने ठेव ठेवली, त्याने काहीच ठेवले नाही. आणि जूनमध्ये ज्याने कर्ज उचलले, तो मात्र निर्मळ. यंत्र पूर्ववत् झाले, असे आपण सहज म्हणतो. ‘पूर्ववत्’ या शब्दात केवढा अन्याय भरलेला असू शकतो, हे मला त्या आठवड्यात उमगले.

एक म्हातारी विडी कामगार आपले पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, छातीशी धरून आली होती. तिच्या पासबुकात जूनपर्यंतच्या नोंदी होत्या. जुलैचे पैसे भरले होते, पण नोंद राहून गेली होती. कारकुनाने पडद्याकडे पाहून मान हलविली. ती त्याच्याशी बोललीच नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘अण्णा, तुमच्या मशिनात न्हाई म्हणून मी दिल्यालं खोटं हुतंय व्हय?’’

तिचे पैसे आम्हाला सापडले ते पिग्मी गोळा करणाऱ्या मुलाच्या वहीत. पिग्मी हा शब्द आमच्या सीमाभागात इतका रुळला आहे की तो कोठून आला हे कोणी विचारीत नाही. १९२५ मध्ये उडुपी येथे स्थापन झालेल्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेट या संस्थेने, म्हणजे पुढील सिंडिकेट बँकेने, १९२८ मध्ये ही योजना काढली; घरोघर जाऊन रोज दोन आणे गोळा करावयाचे, म्हणजे गरिबाचाही संचय होईल. डॉ. टी. एम. ए. पै यांचे नाव त्या उपक्रमाशी जोडलेले आहे. त्या योजनेतील अप्रसिद्ध गुण असा, की गोळा करणाऱ्याची वही त्याच्या घरी, त्याच्या खिशात, पाणी न चढणाऱ्या आळीत राहते. आमच्या मुलाने रोजची रक्कम कीर्दीसारखी शाईने लिहून ठेवली होती. चार महिन्यांची लहान ठेवीदारांची खाती आम्ही त्या वहीवरून उभी केली. अमेरिकेत पिक्सार या चित्रपट-कंपनीचा ‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट तयार होत असताना १९९८ मध्ये सर्व्हरवरून बहुतांशी पुसला गेला, बॅकअपही बिघडलेला निघाला, आणि एका बाळंतीण अधिकारी स्त्रीने घरून काम करता यावे म्हणून घरी नेलेल्या प्रतीने तो वाचविला. कोट्यवधी डॉलरांची कंपनी आणि आमची पतसंस्था या एका बाबतीत सारख्याच ठरल्या: दोघींनाही व्यवस्थेने नव्हे, कोणाच्या तरी घरातील प्रतीने तारले.

प्रत वेगळ्या जागी असणे, हे या सर्वाचे मर्म. पीटर क्रॉग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला एक साधा नियम संगणकवाले सांगतात: तीन प्रती असाव्यात, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक तरी दुसऱ्या जागी असावी. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या कंपनीची सर्व्हरांची एक पाच मजली इमारत जळाली, तेव्हा ज्यांच्या प्रतीही त्याच इमारतीत होत्या त्यांचे दोन्ही गेले. आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन येथील सरकारी माहिती केंद्रास आग लागून सरकारी नोकरांच्या कामाच्या फाइलींचा ८५८ टेराबाइटांचा साठा भस्मसात झाला. त्याची बाहेर प्रत नव्हती, कारण साठा इतका अवाढव्य की प्रत घेणे जमणार नाही असे ठरविले गेले होते. आम्ही लहान म्हणून प्रत घेतली नाही, त्यांनी मोठे म्हणून घेतली नाही.

आपल्या खानापूर तालुक्यातील हलशी येथे कदंब राजांचे जे ताम्रपट सापडले, त्यांचा येथे उल्लेख करावासा वाटतो. दीड हजार वर्षांपूर्वीची ती दानपत्रे. फ्लीटसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात ती वाचून प्रसिद्ध केली. दान देणाऱ्याने ताडपत्र सोडून तांबे निवडले, कारण ते पाण्याने भिजत नाही व वाळवी खात नाही. पत्रे कडीत ओवून मुद्रा उमटविली, म्हणजे मधला एखादा पत्रा बदलता येऊ नये. आणि सर्वांच्या शेवटी, दिलेली भूमी हिरावून घेणाऱ्यास भयंकर गती मिळेल असा शाप कोरला. अग्नी आणि जल यांच्यासाठी तांबे, आणि माणसाच्या लोभासाठी शाप! त्या लेखकांना ठाऊक होते की नोंद टिकविण्याची युक्ती आणि नोंद मानण्याची बुद्धी या दोन निराळ्या वस्तू आहेत.

चोराचीही जात आता बदलली आहे. पूर्वीचा चोर ठेव घेऊन जात असे. आजचा चोर ती जागच्या जागी कुलूपबंद करतो आणि किल्लीचे पैसे मागतो. ३१ जुलै २०२४ रोजी लहान बँकांना तांत्रिक सेवा पुरविणाऱ्या सी-एज या कंपनीवर असा घाला पडल्यामुळे देशातील सुमारे तीनशे सहकारी व ग्रामीण बँका काही काळ देवघेवीच्या राष्ट्रीय जाळ्यापासून तोडून ठेवाव्या लागल्या. हा चोर प्रथम प्रतीच शोधतो. यंत्राला सदैव जोडून ठेवलेली प्रत त्याच्या हाती आयतीच लागते. म्हणून एक प्रत तरी तारेपासून सोडवून, कपाटात मुकी ठेवावी लागते. कोकणीत ‘दवरप’ आणि ‘राखप’ असे दोन शब्द आहेत. एखादी वस्तू कोठेतरी ठेवून देणे ते दवरप. तिच्यावर नजर ठेवून जागत बसणे ते राखप, आणि गावाच्या शिवेवरचा देव म्हणून राखणदार. आम्ही डिस्क दवरली होती.

आता मूळ प्रश्नाकडे. पुराने, आगीने, चोराने गेलेल्या ठेवीबद्दल राखणारा निर्दोष, हा नियम आज जसाच्या तसा चालेल काय? माझे मत असे झाले आहे की चालणार नाही. आणि तसे म्हणताना स्मृतिकारांशी भांडण करावे लागत नाही. बृहस्पतीने स्पष्ट सांगितले आहे की राखणाऱ्याने स्वतःची वस्तू आणि ठेव यांत भेद केला किंवा उपेक्षेने ठेव घालविली, तर ती सव्याज भरून द्यावी. याज्ञवल्क्याने दुसरी एक मेख मारली आहे, आणि कल्याणीच्या चालुक्यांच्या छायेत विज्ञानेश्वराने लिहिलेली मिताक्षरा ज्यांच्या घरी आहे त्यांना ती पाहता येईल: मागूनही ठेव वेळेवर दिली नाही आणि त्यानंतर ती दैवाने नष्ट झाली, तर दैवाची सबब चालत नाही, भरपाई द्यावी लागते, शिवाय तेवढाच दंड. विलंबाने दैवाचे ओझे राखणाऱ्याच्या डोक्यावर येते, असा याचा अर्थ मी करतो. १८७२ च्या कराराच्या कायद्यानेही राखणाऱ्याकडून एवढीच अपेक्षा केली की सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तितकी काळजी त्याने घ्यावी. म्हणजे निर्दोषत्व कधीच निरपेक्ष नव्हते. सोन्याच्या दागिन्याची दुसरी प्रत करता येत नव्हती, तोवर आग ही आगच होती. नोंदीची प्रत एका संध्याकाळी, एका भोजनाच्या खर्चात, करता येऊ लागली, तेव्हा आगीतले दैव पुष्कळसे निघून गेले आणि तेथे आपला आळस येऊन बसला. स्ट्रासबुर्गच्या आगीनंतर एका ग्राहकाने लावलेल्या दाव्यात लील येथील व्यापारी न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये असेच म्हटले: आग ही अपरिहार्य आपत्ती असेल, पण मूळ व प्रत एकाच ठिकाणी ठेवणे ही आपत्ती नव्हे. कंपनीस भरपाई देण्याचा हुकूम झाला. तो निकाल वाचताना मला आमच्या कपाटाचा खालचा खण दिसत होता.

याविरुद्ध बोलण्यासारखे आहे, आणि ते मी टाळीत नाही. प्रत्येक प्रत ही चोरासाठी एक जादा दार असते. त्या कारागिराच्या घरच्या डिस्कवर आमच्या सर्व सभासदांची नावे, त्यांची कर्जे, त्यांचे अंगठे होते. त्याच्या चांगुलपणाने आम्ही तरलो, पण त्याच चांगुलपणावर साऱ्या गावाची अब्रू चार महिने टांगलेली होती, आणि गावाला त्याचा पत्ता नव्हता. सांकेतिक कुलपाशिवाय प्रत बाहेर जाऊ देणे हाही ठेवीचा द्रोहच. २०२३ च्या व्यक्तिगत विदेच्या कायद्याने ही जबाबदारी आता लेखी झाली आहे. शिवाय सर्वच गोष्टी कायम राखाव्यात काय, हाही प्रश्न आहे. फिटलेल्या कर्जाचा, मिटलेल्या भांडणाचा, एखाद्याच्या वाईट दिवसांचा कण न कण कोठल्या तरी डिस्कवर पन्नास वर्षे जागता राहावा, यात मला पुण्य दिसत नाही. पूर्वी दसऱ्याला जुन्या वह्या वाळवीच्या स्वाधीन होत, त्यात थोडी क्षमाही होती.

आणि राखलेले वाचणार कोण? १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. येथील किती तरी घरांतील जमिनीची, वतनांची, देवस्थानांच्या इनामांची जुनी कागदपत्रे मोडीत आहेत. कागद शाबूत आहेत, शाई काळी कुळकुळीत आहे, आणि नातवंडांना त्या ओळी म्हणजे मुंग्यांची रांग. पुढे ‘भूमी’ या कर्नाटक शासनाच्या योजनेने २००० च्या सुमारास १७७ तालुक्यांतील सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर चढविले आणि हस्तलिखित उताऱ्याचे चलन संपले. तलाठ्याच्या दप्तराभोवतीचा काळा व्यवहार त्यामुळे कमी झाला, हे मान्य केलेच पाहिजे. पण लाखो शेतकऱ्यांची ठेव आता कोणाच्या हाती आहे, तिची प्रतिमा कोठे आहे, ती कधी उतरवून पाहिली काय, हे विचारण्याचा अधिकार त्यांचा आहे, आणि तो प्रश्न उद्धटपणाचा नाही. मोडीसारखीच डिस्कचीही लिपी उद्या मरेल. प्रतिमा असेल, तिला जागे करणारे यंत्र नसेल.

आमच्या पतसंस्थेत आता रोज प्रतिमा घेतली जाते. एक डिस्क गावातील देवळाच्या माडीवर असते, एक निपाणीस. दर अमावास्येला जुन्या संगणकावर ती उतरवून पाहावयाची असा ठराव आहे. गेल्या खेपेस ती उतरली, पण कर्जविभागाचा एक तक्ता उघडेना, आणि त्यासाठी कारागिरास बोलवावे लागले. ठराव मीच मांडला होता. त्याने मे २०१९ चा ठराव पुसला जात नाही.

पुरानंतरच्या त्या महिन्यात एक शेतकरी स्वतः येऊन सांगून गेला होता की जूनमध्ये त्याने कर्ज घेतले आहे. यंत्रात नोंद नव्हती, रोख्याचा लगदा झाला होता, कोणी विचारलेही नव्हते. त्याने आकडा सांगितला, कारकुनाने लिहून घेतला, आणि तो बैलांना वैरण आणावयाची आहे म्हणून निघून गेला. जूनमध्ये कर्ज घेतलेला दुसराही एक होता. तो आला नाही. त्यास रक्कम दिली तेव्हा मी कचेरीत होतो. नोटा मोजताना त्याने दोनदा चूक केली होती, हे मला आठवते. त्याचा जामीन त्याचा सख्खा भाऊ. तोही गप्प आहे. माझ्या आठवणीवर विसंबून एखाद्याच्या नावे कर्ज लिहावे काय, यावर मंडळात दोन तट पडले. पासबुकाशिवाय आलेल्या म्हातारीचे तोंडी बोलणे आम्ही खरे मानण्यास तयार झालो होतो; मग संचालकाचे का नको, असे एक पक्ष म्हणतो. तिच्या बोलण्याने संस्थेचे गेले असते, तुमच्या बोलण्याने त्याचे जाईल, असे दुसरा पक्ष म्हणतो. मला दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक पटते, आणि रक्कम मात्र सभासदांच्या ठेवीतून गेलेली आहे. बाजारच्या दिवशी तो मला भेटतो, ‘नमस्कार अण्णा’ म्हणतो, मीही नमस्कार करतो. विषय अजून सभेच्या पत्रिकेवर आहे.